नत्राच्या पेपरमधला शेवटचा रकाना

पेपर वाचायचा कसा यावर आपण अधूनमधून बोलतो. आज एकच रकाना घेऊया. खतांच्या चाचण्यांवरचे पेपर उघडलेत की शेवटच्या तक्त्यात तो हमखास सापडतो: लाभ-खर्च गुणोत्तर. आपण सगळे त्याला ‘बी:सी रेशो’ म्हणतो. एमएस्सीच्या थिसिसमध्ये असतो, विद्यापीठाच्या शिफारशीत असतो आणि सेमिनारला कुणी ‘इकॉनॉमिक्स काय आलं?’ असं विचारलं की तोच आकडा आपण उत्तर म्हणून वाचून दाखवतो.

माझं म्हणणं थोडं कडक आहे. नत्राच्या चाचणीत हा रकाना अर्थशास्त्राचा आव आणतो, पण अर्थशास्त्र करत नाही. त्याने दोनदा नुकसान होतं. शिफारस चुकते हे एक. दुसरं म्हणजे पेपरच्या प्रस्तावनेत आपण ‘शेतकरी अज्ञानामुळे गरजेपेक्षा जास्त युरिया टाकतात’ असं बिनदिक्कत लिहून टाकतो. ते वाक्य खरं आहे का, हे तपासायची सोय आपल्याच तक्त्यात असते, फक्त आपण तो हिशोब करत नाही.

आज तो करून बघू. बेरीज-वजाबाकीच्या फार पुढे जायचं नाही, काळजी नको.

आधी एक जुना पेपर

१९९० साली ‘ॲग्रॉनॉमी जर्नल’मध्ये सेराटो आणि ब्लॅकमर यांचा एक पेपर आला. विषय अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला मका आणि नत्र. प्रश्न साधा होता. नत्र वाढवत नेलं की उत्पादन कसं वाढतं हे दाखवायला आपण आकड्यांतून एक वक्ररेषा काढतो. ती कोणत्या प्रकारची घ्यायची? पेपरमध्ये पाच प्रकार तपासले आहेत. त्यातले दोन आपल्याला आज पुरेत. पहिला वर्गसमीकरणाचा म्हणजे क्वाड्रॅटिक: रेषा वर जाते, गोल वळते, शिखर गाठते आणि खाली येते. दुसरा सरळ रेषा आणि मग सपाटी, म्हणजे लिनिअर प्लॅटो: उत्पादन एका दराने वाढतं आणि एका ठिकाणी थांबतं, त्यापुढे नत्र टाका किंवा टाकू नका, फरक नाही.

१२ ठिकाण-वर्षांचे आकडे, प्रत्येक ठिकाणी नत्राच्या १० पातळ्या. निष्कर्ष असा की आर-स्क्वेअर बघितला तर पाचही रेषा जवळजवळ सारख्याच चांगल्या बसतात. पण त्याच आकड्यांतून, त्याच किमती धरून काढलेली ‘सर्वांत फायदेशीर मात्रा’ मात्र रेषेनुसार सरासरी हेक्टरी १२८ किलोपासून ३७९ किलोपर्यंत बदलते. जवळजवळ तिप्पट! शेत तेच, मका तोच, बाजार तोच. बदलली ती फक्त रेषा. आणि सर्रास वापरली जाणारी क्वाड्रॅटिक रेषा मात्रा जास्त दाखवण्याकडे झुकते, असंही लेखकांनी दाखवलं.

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पहिल्या आठवड्यात हा पेपर वाचायला द्यावा असं मला वाटतं. ‘आर-स्क्वेअर ०.९७ आला’ म्हणून खूश होणाऱ्याला त्यातून कळतं की रेषा आकड्यांना चांगली बसणं आणि रेषेने दिलेलं उत्तर बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या खाचरात

मी पनवेलला राहते. इथे मका नाही, भात आहे. खारजमीन संशोधन केंद्र इथलंच, खाऱ्या जमिनीसाठीच्या ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ या भाताच्या जाती त्याच केंद्राच्या नावाने ओळखल्या जातात. युरियाही लांबून यायला नको, अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना आहे. कोकण कृषी विद्यापीठाची सुधारित भातासाठीची नेहमीची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी आहे. तेव्हा मक्यावरचा तो धडा भातावर लावून बघू.

खालचे आकडे कुठल्याही खऱ्या पेपरमधले नाहीत. हिशोब सोपा व्हावा म्हणून मी ते बनवलेत. पण ज्यांनी दहा-बारा थिसिस चाळलेत त्यांना ते ओळखीचे वाटतील.

नत्र ० किलो – भात हेक्टरी २४०० किलो
नत्र ५० किलो – ३६०० किलो
नत्र १०० किलो – ४२०० किलो
नत्र १५० किलो – ४२०० किलो

भाताची किंमत २०२४-२५ च्या हमीभावाची धरू: क्विंटलला २३०० रुपये, म्हणजे किलोला २३. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीत २०.७ किलो. भागाकार करा: नत्राचा एक किलो साधारण १३ रुपयांना पडला. लागवडीचा बाकी खर्च हेक्टरी ६०,००० रुपये धरा.

आता आपला नेहमीचा रकाना भरू. बी:सी रेशो अनुक्रमे ०.९२, १.३७, १.५८ आणि १.५६ येतो. पेपरचं वाक्य तर तुम्ही न बघताच सांगाल: ‘१०० किलो नत्राची प्रक्रिया १५० किलोशी ॲट पार आढळली आणि सर्वाधिक बी:सी रेशो १.५८ मिळाल्याने १०० किलोची शिफारस करण्यात येते.’ झालं. पेपर संपला.

पण हा आकडा सांगतो काय? समजा पुढच्या वर्षी मजुरी वाढली आणि बाकीचा खर्च ६०,००० चा ७५,००० झाला. पनवेलमध्ये हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. विमानतळ, गोदामं, बांधकामं यांच्याशी स्पर्धा करून लावणीला माणसं आणावी लागतात. तर त्याच चाचणीचा रेशो १.५८ वरून १.२७ वर येतो. नत्राच्या बाबतीत काहीच बदललं नाही. जमीन तीच, प्रतिसाद तोच. म्हणजे हा रकाना मुख्यतः मजुरी मोजतोय. नत्राचा खर्च एकूण खर्चात दोन-तीन टक्के आहे. तो बाकीच्या खर्चात मिसळला की त्याचा आवाजच ऐकू येत नाही.

नत्राबद्दलचा खरा आर्थिक प्रश्न वेगळा आहे: *पुढच्या* किलोने काय दिलं? पहिल्या ५० किलोंनी ६५० रुपयांत २७,६०० रुपयांचं भात दिलं. दुसऱ्या ५० किलोंनी तेवढ्याच पैशांत १३,८०० चं. तिसऱ्या ५० किलोंनी शून्य. हा सीमांत हिशोब. बारावीच्या अर्थशास्त्रातला घटत्या प्रतिफळाचा नियम, दुसरं काही नाही. बी:सी रेशो सरासरी सांगतो आणि सरासरीवरून पुढच्या पावलाचा निर्णय घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट. हा रकाना फक्त चाचणीत घेतलेल्या चार मात्रांतून एक निवडतो. ७५ किलो किंवा १२० किलो यांबद्दल त्याला विचारायची सोय नाही. नत्राची मात्रा ही सलग वाढणारी गोष्ट आहे, ‘ॲट पार’ची भाषा मात्र तिला चार वेगळ्या वाणांसारखी वागवते. रत्ना आणि जया या दोन जातींच्या मध्ये काही नसतं, पण १०० आणि १५० किलोंच्या मध्ये ५० किलो असतात.

चार ठिपके, दोन रेषा

आता या चार ठिपक्यांतून क्वाड्रॅटिक रेषा काढा. उत्पादन = २४०० + ३० × नत्र – ०.१२ × नत्राचा वर्ग. मात्रा घालून बघा, चारही ठिपके रेषेवर तंतोतंत येतात. आर-स्क्वेअर १.

आता सरळ रेषा आणि सपाटी काढा. उत्पादन किलोमागे २४ किलोने वाढतं, ७५ किलोला ४२०० वर पोचतं आणि तिथेच थांबतं. मात्रा घालून बघा. चारही ठिपके याही रेषेवर तंतोतंत! आर-स्क्वेअर पुन्हा १.

तेव्हा फायदेशीर मात्रा किती? क्वाड्रॅटिकने काढली तर पुढच्या किलोचं उत्पन्न आणि त्याची किंमत जिथे जुळतात ती मात्रा १२३ किलो येते. सपाटीने काढली तर ७५. मध्ये ४८ किलोंचा फरक. आणि आपल्या पेपरने शिफारस केलेली १०० किलो ही मात्रा दोन्हींपैकी कुणाचंच उत्तर नाही! ती चाचणीत होती म्हणून आली.

चार पातळ्यांच्या चाचणीत दोन रेषांपैकी खरी कोणती हे आकड्यांना विचारून कळत नाही. आयोवाच्या पेपरमध्ये प्रत्येक ठिकाणी १० पातळ्या होत्या, म्हणून तिथे निदान भांडता तरी येतं. आपल्याकडे ‘शिफारशीच्या ७५ टक्के, १०० टक्के, १२५ टक्के’ अशा तीन पातळ्यांच्या चाचण्या असतात. शून्य नत्राचा वाफाही काही वेळा नसतो. तीन ठिपक्यांतून क्वाड्रॅटिक रेषा नेहमीच तंतोतंत जाते, कारण ती जाणारच असते. त्यात शोध काही नाही.

किमतीचं काय?

तुम्ही म्हणाल, रेषा ठीक आहे, पण इकॉनॉमिक्स म्हणजे किंमत. तिचा परिणाम किती? हा भाग नीट बघा, कारण आपल्याकडची खरी गंमत इथे आहे.

अमेरिकेतल्या मका पट्ट्यातली विद्यापीठं नत्राची शिफारस ‘किंमत गुणोत्तरा’वर देतात: नत्राची किंमत भागिले मक्याची किंमत. त्यांच्या पाउंड आणि बुशेलच्या भाषेत ०.१० हे नेहमीचं गुणोत्तर. किलोत आणलं तर एक किलो नत्र विकत घ्यायला साधारण ५.६ किलो मका लागतो. आपल्याकडे? मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये. एक किलो नत्राला १३ रुपये म्हणजे जेमतेम अर्धा किलो मका. बाजारात हमीभावापेक्षा कमी मिळाला तरी पाऊण किलोच्या आत. भाताचंही तेच: १३ भागिले २३, म्हणजे ०.५६. आपलं नत्र पिकाच्या तुलनेत त्यांच्यापेक्षा दहापट स्वस्त आहे.

याचं कारण जगजाहीर आहे. १ एप्रिल २०१० पासून पोषणमूल्यावर आधारित अनुदान आलं, पण युरिया त्याच्या बाहेर ठेवला गेला. त्याची किंमत सरकार ठरवतं आणि ती वर्षानुवर्षं जवळजवळ हललेली नाही. २०१५ मध्ये सगळ्या देशी युरियाला कडुनिंबाचं आवरण सक्तीचं झालं, २०१८ मध्ये गोणी ५० किलोंची ४५ ची झाली, पण किलोमागचा भाव तसाच. स्फुरद-पालाश महाग, नत्र मातीमोल.

आता आपल्या क्वाड्रॅटिक रेषेवर किंमत बदलून बघू. सध्याच्या १३ रुपयांना मात्रा १२३ किलो. समजा अनुदान काढलं आणि नत्र पाचपट महाग झालं, किलोला ६५ रुपये. मात्रा येते ११३. अगदी आयोवाचं ५.६ हे गुणोत्तर लावलं तरी १०२. आणि सपाटीच्या रेषेवर? तिन्ही किमतींना ७५ च. तिथे किंमत चाळीसपट झाली तरी उत्तर बदलत नाही.

म्हणजे किंमत पाचपट केली तर मात्रा १० किलोने हलली, रेषा बदलली तर ४८ किलोने. इतक्या स्वस्त नत्राला ‘आर्थिकदृष्ट्या फायदेशीर मात्रा’ आणि ‘सर्वाधिक उत्पादनाची मात्रा’ या जवळजवळ एकच होऊन बसतात. आपल्या पेपरमधलं अर्थशास्त्र पेपरच्या निकालाला हात लावत नाही. निकाल लागतो रेषेच्या निवडीने, आणि ती निवड बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या मेनूत जी आधी दिसली तिची असते. त्यात शिखराजवळ रेषा सगळ्यांत सपाट असते, त्यामुळे शिखर नेमकं कुठे हे सांगणं सगळ्यांत अवघड. सेराटो-ब्लॅकमर यांचा इशारा आयोवापेक्षा आपल्याला जास्त लागू पडतो तो यामुळे.

‘अज्ञानी’ शेतकऱ्याचा हिशोब

आता प्रस्तावनेतल्या त्या वाक्याकडे येऊ. शेतकऱ्याला दोन रेषांपैकी खरी कोणती हे माहीत नाही. आपल्यालाही नाही. त्याने जूनमध्ये, पाऊस कसा पडणार हे ठाऊक नसताना ठरवायचं आहे: ७५ किलो टाकू की १२३?

समजा खरी रेषा सपाटीची आहे आणि त्याने १२३ टाकले. नुकसान किती? फुकट गेलेल्या ४८ किलो नत्राचे सव्वासहाशे रुपये, हेक्टरी.

समजा खरी रेषा क्वाड्रॅटिक आहे आणि त्याने ७५ टाकले. भात ३०० किलोने कमी आलं. वाचलेल्या युरियाचे पैसे वजा करूनही नुकसान हेक्टरी सहा हजारांच्या वर.

पनवेल तालुक्यात कुणाचं वीस गुंठ्यांचं खाचर असेल तर त्याच्यासाठी हा सवाल सव्वाशे रुपये विरुद्ध साडेबाराशे रुपये असा आहे. तुम्ही काय कराल? मी तरी जास्त टाकेन. याला अज्ञान म्हणत नाहीत, विमा म्हणतात. आणि तो विमा सरकारनेच इतका स्वस्त केलाय.

मग जास्त टाकलेल्या नत्राचं नुकसान नाहीच का? आहे, पण ते त्याच्या वहीत लिहिलं जात नाही. चिखलणी केलेल्या खाचरात साचलेल्या पाण्यावर युरिया फेकला की दिवसा शेवाळामुळे पाण्याचा सामू वाढतो आणि अमोनिया हवेत उडून जातो. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बांध फुटला की नत्र ओढ्याला आणि ओढा खाडीला. काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींहून जास्त. शिवाय अनुदान भरणारी तिजोरी. हे सगळे खर्च कुणीतरी भरतंय, पण बी:सी रेशोच्या ‘सी’मध्ये त्यांतला एकही नाही. ज्या पेपरच्या प्रस्तावनेत पर्यावरणाची चिंता दोन परिच्छेदभर असते, त्याच्याच शेवटच्या तक्त्यात तिची किंमत शून्य धरलेली असते. परीक्षकाने हा प्रश्न विचारायला हवा. विचारत नाहीत.

आडव्या अक्षावरचा किलो

इथवर मी आयोवाच्या पेपरची बाजू घेतली. आता त्याच्याशी थोडं भांडते, कारण परदेशी पेपर आला की मान डोलवायची ही सवयही बरी नाही.

या सगळ्या रेषांच्या आडव्या अक्षावर ‘हेक्टरी नत्र किलो’ लिहिलेलं असतं. म्हणजे एक किलो म्हणजे एक किलो, कुठेही टाका. कोरडवाहू मक्याच्या शेतात हे एकवेळ चालेल. भाताच्या खाचरात नाही. फेकलेल्या युरियातलं निम्म्याहून जास्त नत्र पिकाला मिळतच नाही. तेच नत्र चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल, जिथे ऑक्सिजन नाही तिथे ठेवलं तर पाण्यात कमी विरघळतं, हवेत कमी जातं.

कोकणात हे काम नवं नाही. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेल्या डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवड रायगडकरांना माहीत आहे: भाताच्या तुसाचा-पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट. चुडांमधलं अंतर आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटर, आणि जवळच्या चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी. गणित करा: ४० बाय ४० सेंटिमीटरच्या चौकोनाला एक गोळी, म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या, १६९ किलो खत. युरिया-डीएपी ६०:४० धरलं तर त्यात नत्र साधारण ५९ किलो. शंभरच्या जागी ५९! बांगलादेशात हेच तंत्र ‘गुटी युरिया’ म्हणून पसरलं आणि खोल ठेवलेल्या युरियाने कमी नत्रात तेवढंच किंवा जास्त भात येतं हे अनेक चाचण्यांत दिसलं.

म्हणजे आपण मात्रेवर वाद घालत होतो, पण खरा प्रश्न जागेचा होता. ५९ किलो खोल नत्र हा फेकलेल्या नत्राच्या रेषेवरचा एक बिंदू नाही, ती रेषाच दुसरी आहे.

मग सगळे ब्रिकेट का वापरत नाहीत? पुन्हा सीमांत हिशोब. वाचलेले ४१ किलो नत्र गुणिले १३ रुपये = ५३३ रुपये हेक्टरी. आणि ६२,५०० गोळ्या वाकून, हाताने चिखलात खोचायच्या. ५३३ रुपये एका-दोघांच्या एका दिवसाच्या मजुरीत संपतात. नत्र पाचपट महाग असतं तर हीच बचत २,६६५ रुपयांची झाली असती आणि लोकांनी निदान विचार केला असता. आज ब्रिकेट टिकते ती जास्तीच्या उत्पादनावर, नत्राच्या बचतीवर नाही. स्वस्त युरियाने मात्रा फारशी वाढवली नाही, हे आपण वर बघितलं. त्याने काय केलं, तर नत्र वाचवणाऱ्या तंत्राची किंमतच पुसून टाकली. माझ्या मते अनुदानाचा हा परिणाम आपल्या पेपरांत सगळ्यांत कमी लिहिला जातो, कारण बी:सी रेशोच्या रकान्यात तो दिसतच नाही.

तर मग तुम्ही काय करायचं

सिनॉप्सिस लिहायला बसणार असाल तर पाच गोष्टी लक्षात ठेवा.

एक, नत्राची चाचणी आखताना पातळ्या वाढवा आणि शून्याचा वाफा सोडू नका. जागा कमी पडत असेल तर पुनरावृत्ती एखादी कमी करा, पण सहा-सात पातळ्या तरी हव्यात. गाईड नाही म्हणतील. तेव्हा वरचे चार ठिपके आणि दोन रेषा कागदावर काढून दाखवा.

दोन, किमान दोन प्रकारच्या रेषा बसवा आणि दोन्हींची उत्तरं छापा. ती वेगळी आली तर लपवू नका, तोच तुमचा निष्कर्ष आहे.

तीन, बी:सी रेशो द्यावाच लागला, आणि बहुतेक ठिकाणी द्यावाच लागतो, तर त्याच्या शेजारी पुढच्या प्रत्येक टप्प्याचा जास्तीचा खर्च आणि जास्तीचं उत्पन्न असा रकाना जोडा. किमती कोणत्या वर्षाच्या, कुठल्या, अनुदानासह की विना, हे तक्त्याखाली लिहा.

चार, एक आकडा देऊ नका, पट्टा द्या. अमेरिकेतल्या मका पट्ट्यातल्या विद्यापीठांनी गेल्या वीस वर्षांत हेच केलं: सर्वाधिक नफ्यापासून एकरी एक डॉलरच्या आत राहणाऱ्या सगळ्या मात्रा ते फायदेशीर म्हणून सांगतात. आपल्या क्वाड्रॅटिक रेषेवर हेक्टरी हजार रुपयांची सूट धरली तर पट्टा १०४ ते १४२ किलो येतो. इतका रुंद पट्टा असताना १.५८ आणि १.५६ यांच्यात विजेता जाहीर करणं हास्यास्पद वाटायला हवं.

पाच, ‘शेतकरी अज्ञानामुळे’ हे वाक्य लिहिण्याआधी कमी टाकून चुकल्याचं आणि जास्त टाकून चुकल्याचं नुकसान वेगवेगळं काढा. ते दोन आकडे समोर ठेवूनही ते वाक्य लिहावंसं वाटलं तर खुशाल लिहा.

हे सगळं करायला नवं यंत्र लागत नाही की जास्तीचा निधी. तुमच्याकडचेच आकडे, एक स्प्रेडशीट आणि एक दुपार. विभागातल्या कपाटात जुने थिसिस पडलेले असतात. एक काढा, नत्राचा तक्ता उघडा, दोन रेषा बसवा आणि शेवटच्या रकान्यातली शिफारस टिकते का ते बघा. रिसर्चची तयारी म्हणून नेट-सेटच्या पाच मॉक टेस्टपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.